मॅनेजरचं पाणी

हॉस्पिटलमध्ये तिला सगळे मशीनताई म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं. डायलिसिसच्या विभागात अकरा यंत्रं होती. माणसाचं रक्त एका नळीतून बाहेर घ्यायचं, गाळायचं आणि दुसऱ्या नळीतून परत अंगात सोडायचं, हे काम ती सतरा वर्षं करत होती. या सतरा वर्षांत तिच्या हातून नळीत हवेचा एक बुडबुडा गेला नव्हता, की तिनं धुतलेल्या यंत्रात कुणाला जंतू सापडला नव्हता. तपासणीला येणारे साहेब बाकीची यंत्रं उघडून बघायचे आणि तिच्या यंत्रांपाशी आले की नुसती सही करायचे. एवढं असल्यावर माणसाची मान थोडी ताठ होणारच. तिची जरा जास्त ताठ होती, इतकंच.

तर अशा या बाईनं घरी माशांची सहा फुटी टाकी आणायची ठरवली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं बसल्या जागी उजवा पाय जमिनीवर दाबला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून जादा ब्रेक दाबण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे घरातही कुणी काही धाडसाचं बोललं की त्याचा पाय आपोआप दाबला जायचा.

"सहा फूट?"

"सहा लांब, दोन रुंद, दोन उंच. सहाशे लिटर पाणी."

"अगं, आपण मासे आणतोय का देवमासा?"

"बाबांना आणतोय," ती म्हणाली. "मासे म्हणजे त्यांचं सामान."

खरं तेच होतं. तिच्या बाबांचं केस कापायचं दुकान होतं. एके काळी तीन खुर्च्या आणि दोन कारागीर, आता एक खुर्ची आणि ते स्वतः. आरशाखाली चार फुटी टाकी, आणि तिच्यात पाच गोल्डफिश. सगळ्यात मोठा तळहाताएवढा, पोट सुटलेला, अकरा वर्षांचा. दिवसभर काचेशी उभा राहून तो दुसऱ्यांचं काम बघायचा आणि स्वतः काही करायचा नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव मॅनेजर ठेवलं होतं. बाबा दुकानाच्या मागच्याच खोलीत एकटे राहायचे. गेल्या थंडीत ते तिथल्या ओल्या पायरीवरून घसरले आणि सकाळचं पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत तासभर तसेच पडून राहिले. त्यानंतर काही दिवसांनी एकाची दाढी करताना त्यांचा हात थरथरला. त्यांनी वस्तरा मिटला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि "आजपासून फक्त केस," असं सांगून टाकलं. तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर लागला होता. फोन दोन वेळा वाजून उचलला गेला नाही, तर ती शेजारच्या दुकानदाराला फोन लावायची.

"माझ्याकडे या," असं तिनं तीनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "येऊन करू काय तिथे? सोफ्यावर पाहुण्यासारखा बसू? कप उचलून नेला तरी तू म्हणणार, बाबा राहू द्या."

"मग मासे घेऊन या. त्यांचं करा."

यावर बाबा हातातली कात्री उगाचच कचकच वाजवत राहिले. मग म्हणाले, "आधी मासे ने. महिनाभर तुझ्याकडे नीट राहिले, तर मी येतो. त्यांना तिथलं पाणी मानवलं नाही, तर मलाही मानवायचं नाही. परत त्यांना इकडे आणीन आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बोलले म्हणजे बोलले. बापही लेकीचाच होता.

आता सहाशे लिटर पाणी फिरवायचं आणि गाळायचं म्हणजे मशीनताईच्या हातचा मळ. ती ॲक्वेरियमच्या दुकानात गेली ती वही घेऊनच. दुकानदार बिचारा साधा माणूस. त्यानं नेहमीसारखं सुरू केलं, "मॅडम, हा बघा, टाकीच्या आत लावायचा फिल्टर. हा बाहेर ठेवायचा, डब्याचा. आणि तुम्हाला अगदी फर्स्टक्लासच हवं असेल, तर खालच्या कपाटात दुसरी टाकी. पाणी वरून खाली पडतं, तिथे गाळलं जातं, पंप परत वर ढकलतो. आणि हा पंप तासाला चार हजार लिटर देतो."

"कुठे देतो?"

"म्हणजे?"

"जमिनीवर ठेवला तर चार हजार. खालच्या कपाटातून साडेचार फूट वर चढवला, वर दोन कोपरे वळवले, तर किती?"

दुकानदारानं पंपाचं खोकं उलटसुलट करून पाहिलं. शेवटी तिनंच खोक्यावरचा आलेख शोधला, बोटानं रेघ धरली आणि सांगितलं, "सव्वीसशे. म्हणजे सहाशे लिटर तासाला चार वेळा फिरेल. गोल्डफिश खातात भरपूर आणि घाण त्याहून भरपूर करतात. त्यांना चारपेक्षा कमी चालणार नाही." तिनं खालची टाकी घेतली. आत तीन कप्पे: पहिल्यात कचरा अडवायचा कापूस, दुसऱ्यात स्पंज आणि मातीची सच्छिद्र कडी, तिसऱ्यात पंप. दुकानदारानं बिल करताना विचारलं, "मॅडम, तुम्ही या लाइनमध्ये आहात का?"

"याच," ती म्हणाली, आणि हसू दाबत बाहेर पडली.

जाता जाता त्यानं एक सांगितलं होतं, तेही सांगून टाकतो. "फिल्टर नुसता लावून भागत नाही मॅडम, तो पिकावा लागतो. स्पंजवर चांगले जिवाणू धरतात, ते माशांच्या घाणीतला अमोनिया खातात. त्याला महिना जातो. जुन्या टाकीतला स्पंज मिळाला, तर लगेच काम होतं. नाहीतर ही बाटली आहे, जिवाणूंची." तिनं बाटली घेतली. लेबल छापील, तारीख छापील. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास असायचा.

मासे आणायला ती दुकानात गेली, तेव्हा बाबांनी जुन्या फिल्टरमधला स्पंज तिच्या हातात ठेवला. काळाकुट्ट, बुळबुळीत, डबक्याचा वास मारणारा. एका बाजूची कड मात्र ताज्या पावासारखी सरळ कापलेली होती. तिनं तो दोन बोटांत धरला.

"बाबा, हा शेवटचा कधी धुतला होता?"

"टाकीच्याच पाण्यात पिळतो महिन्यातून एकदा. नळाखाली कधीच नाही. हे बघ, त्याला काही करू नकोस. आहे तसा नेऊन ठेव."

तिची नजर आरशाशेजारच्या खिळ्याकडे गेली, आणि नेहमीसारखी कपाळाला आठी पडली. त्या खिळ्यावर एक वाकडा कंगवा टांगलेला असायचा. ती नऊ वर्षांची असताना शाळेत कुणीतरी जंतूंबद्दल शिकवलं होतं. घरी येऊन तिनं बाबांचे सगळे कंगवे पातेल्यात घालून वीस मिनिटं उकळले. प्लॅस्टिकचे बारा कंगवे वाकून गेले. अकरा फेकून द्यावे लागले आणि अर्ध्या चंद्रासारखा वळलेला बारावा बाबांनी खिळ्याला लावला. चौतीस वर्षं झाली. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बोट दाखवून हसायची, बाबाही हसायचे. "आता तरी टाका तो," असं तिनं शंभर वेळा सांगितलं असेल. बाबा म्हणायचे, "असू दे."

घरी आल्यावर तिनं स्पंजकडे पुन्हा एकदा पाहिलं. अकरा वर्षांचे केस, उदबत्तीची राख आणि देव जाणे काय काय. हा आपल्या नव्या कोऱ्या काचेत घालायचा? सतरा वर्षांत जे केलं नाही ते घरी करायचं? तिनं हातमोजे चढवले, बादलीत मोजून ब्लीच घातलं, अर्धा तास स्पंज बुडवला, तीन पाण्यांतून काढला आणि शेवटी हॉस्पिटलच्या पद्धतीनं कागदाची पट्टी लावून ब्लीचचा अंशही उरला नाही याची खात्री केली. स्पंज लिंबासारखा पिवळाधमक निघाला. मग तो दुसऱ्या कप्प्यात बसवून तिनं वरून बाटलीतले जिवाणू ओतले. कामाचं समाधान तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

पंप सुरू केला, आणि दुसरीच पंचाईत झाली. सुतारानं कपाटाच्या मागे नळ्यांसाठी एकच भोक ठेवलं होतं, उजव्या कोपऱ्यात. म्हणून पाणी खाली नेणारी नळी आणि वर आणणारी नळी अशा दोन्ही उजव्याच कोपऱ्यात आल्या. वर आलेलं पाणी एकाच तोंडातून असं सुटलं की मासे पाचोळ्यासारखे उडाले. मॅनेजर तर आयुष्यात पहिल्यांदाच घाईत दिसला. गोल्डफिशचा देह वाटोळा, पंख पडद्यासारखे. त्यांना धारेत उभं राहता येत नाही. तिनं घाईघाईनं व्हॉल्व्ह फिरवत फिरवत पाव भागावर आणला. धार शांत झाली, मासे स्थिर झाले, आणि तिनं सुटकेचा श्वास सोडला.

रोज संध्याकाळी ती पाणी तपासायची. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. तीन दिवस पिवळं. चौथ्या दिवशी पोपटी. तिनं बाटली पुन्हा थोडी ओतली. पाचव्या दिवशी पोपटीच. "वाढलेलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "काबूत आहे."

"मासे काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"मासे काय म्हणणार?"

सहाव्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, म्हणून बाबा बघायला आले. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं नाही की खुर्ची मागितली नाही. टाकीसमोर जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. ती शेजारी उभी राहून सगळं समजावून सांगत होती: तासाला किती लिटर, कोणत्या कप्प्यात काय, पंप कितीचा. बाबा मान हलवत होते. तिचं बोलून संपल्यावर त्यांनी विचारलं,

"पाचही मासे उजव्या कोपऱ्यात का गोळा झालेत?"

तिनं पाहिलं. खरंच झाले होते. चार पाण्याच्या वरच्या थराशी तोंडं उघडमिट करत होते आणि मॅनेजर खाली तळाला टेकला होता. सहा फुटांची टाकी, पण राहायला दीड फूट.

"तू पाणी कुठलं तपासतेस?"

"इथलंच. उजवीकडचं. हात इथे पोचतो."

बोलता बोलताच तिचा आवाज खाली आला. ती स्टूल घेऊन डाव्या टोकाला गेली, तळाशी नळी बुडवून तिथलं पाणी घेतलं आणि थेंब टाकले. परीक्षानळी गर्द हिरवी झाली.

"स्पंज कुठे आहे माझा?" बाबांनी विचारलं.

"खाली. दुसऱ्या कप्प्यात." मग तिला सांगावंच लागलं. "धुतला मी. ब्लीचमध्ये."

बाबांनी वाकून कपाटाचं दार उघडलं. पिवळाधमक स्पंज बघितला. दार लावलं. एवढ्या वर्षांत ते तिला रागावले असते तर बरं झालं असतं, पण रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी येतो जाऊन," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

ती टाकीसमोर जमिनीवर बसली. अमोनिया काय आणि युरिया काय, एकाच घरचे. ते अंगात साठलं की माणूस कसा मलूल होतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण हॉस्पिटलातला फिल्टर नुसती चाळण असतो. तो निर्जंतुक असावा लागतो. इथला फिल्टर म्हणजे जिवंत वस्ती होती, आणि ती तिनं हातमोजे घालून, मोजूनमापून मारली होती. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, काही करू नकोस म्हणून. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. आता ते परत येतील ते मासे न्यायला, हे तिला कळून चुकलं. मग ती ओली पायरी, तो एकटा माणूस आणि न उचललेला फोन. तिचे डोळे भरून आले.

नवऱ्यानं शेजारी बसून विचारलं, "आत्ता, या मिनिटाला, काय करता येईल?"

हा प्रश्न चांगला होता. रडणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना ती स्वतः हेच विचारायची. ती उठली. तिसरा हिस्सा पाणी काढून नवं, औषध घालून साठवलेलं पाणी भरलं. माशांचं खाणं बंद केलं. आणि हात काम करू लागल्याबरोबर डोकंही करू लागलं.

दोन्ही नळ्या एकाच कोपऱ्यात. पाणी गाळून वर येतं आणि बाहेर पडल्या पडल्या शेजारच्याच नळीतून परत खाली जातं. हे तिनं कुठे पाहिलं होतं? रोजच पाहत होती! डायलिसिसच्या दोन सुया फार जवळ टोचल्या तर हेच होतं. साफ झालेलं रक्तच पुन्हा पुन्हा यंत्रात येत राहतं. यंत्रावर आकडे सुंदर दिसतात आणि पेशंट मात्र सुजलेला तो सुजलेलाच. नव्या पोरींना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची. "आकडा बघू नका, माणूस बघा." आणि घरी सहा दिवस ती आकडा बघत बसली होती. माणूस बघितला तो बाबांनी.

खात्री करून घ्यायला तिनं माशांच्या निळ्या औषधाचे चार थेंब वर येणाऱ्या नळीच्या तोंडाशी सोडले. निळी रेघ बाहेर आली, कोपऱ्यात एक गिरकी घेतली आणि सरळ खाली जाणाऱ्या नळीत शिरली. डावीकडचं पाणी ढिम्म. नवऱ्यानं आपसूक पाय दाबला.

"कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते," ती म्हणाली.

दीड तासानं दार वाजलं. बाबा होते, हातात झाकण लावलेली बादली. मासे न्यायलाच आणली, असं तिला वाटलं. बाबांनी झाकण काढलं. आत पाणी, आणि पाण्यात काळाकुट्ट, बुळबुळीत, सरळ कड असलेला अर्धा स्पंज.

"कात्रीनं मधून कापला होता," बाबा म्हणाले. "एक तुला दिला, एक बादलीत ठेवला. हवेची नळी सोडली, रोज चिमूटभर खाणं टाकलं. गिऱ्हाइकं विचारत होती, बादलीत काय पाळलंय म्हणून."

"पण का?"

"अगं, तू माझे बारा कंगवे उकळलेस. तू स्पंज सोडशील?"

ती रडता रडता हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. "माझी चूक झाली, बाबा."

"झाली. पण स्वच्छतेपायी झाली. घाणीपायी चुका करणारे आयुष्यभर बघितलेत मी, त्यांना असं रडू येत नाही." त्यांनी बाह्या वर केल्या. "चल, हा कुठे बसवायचा ते दाखव. महिना अजून संपलेला नाही."

स्पंज बसला. पण तिनं एवढ्यावर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि बापलेक कामाला लागले. पाणी खाली नेणारी नळी उजवीकडेच राहू दिली. वर येणारी नळी मागच्या काचेच्या कडेनं थेट डाव्या टोकाला नेली. आता उरला प्रश्न जोराचा. पंप पूर्ण उघडला तर मासे उडतात, कमी केला तर पाणी फिरत नाही.

"वेग कमी करू नकोस," नवरा कामाला निघता निघता म्हणाला. "रस्ता रुंद कर. मी रोज हेच सांगतो, कुणी ऐकत नाही."

म्हणण्यात तथ्य होतं. एका तोंडातून सुटतं म्हणून पाणी धारेनं मारतं. तेच चाळीस तोंडांतून सुटलं तर? तिनं हिशेब मांडला. डाव्या बाजूला आडवी, दोन फुटांची नळी, तिला पाच मिलिमीटरची चाळीस भोकं. धार काचेकडे तोंड करून, म्हणजे पाणी आधी काचेवर आपटेल आणि मग सावकाश पुढे सरकेल. भोकं एका रेषेत आणि सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर एकीकडे जोर आणि दुसरीकडे थेंब. ती पट्टी शोधायला उठली.

"पट्टी कशाला?" बाबा म्हणाले. त्यांनी नळी डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीनं टिंबं द्यायला सुरुवात केली. हात थरथरत होता, तरी दर टिंबाला क्षणभर थांबायचा, जागा सापडली की टेकायचा. चाळीस टिंबं झाल्यावर तिनं गुपचूप पट्टी लावून पाहिली. केसाइतकाही फरक नव्हता. पन्नास वर्षं लोकांच्या मानेमागची रेघ सरळ काढणारा डोळा होता तो. तिची छाती अभिमानानं भरून आली, आणि तिनं ते सरळ बोलून दाखवलं.

"बाबा, आमच्या हॉस्पिटलात असा एक डोळा नाही."

"हं," बाबा म्हणाले. "ड्रिल सरळ धर."

त्यांनी टिंब द्यायचं, तिनं भोक पाडायचं. दुपारी पंप पूर्ण उघडला. डाव्या टोकाला पाणी नुसतं हललं, शेवाळाची काडी डुलावी इतकंच. तिनं पुन्हा निळे थेंब सोडले. निळाई डावीकडून निघाली, रुंद, सावकाश, टाकीभर पसरत पसरत सहा फूट चालत गेली आणि उजव्या टोकाला खाली उतरली. मासे त्या निळ्या पाण्यातून चालल्यासारखे गेले. संध्याकाळपर्यंत मॅनेजर तळावरून उठला, समोरच्या काचेशी आला आणि दोघांचं काम बघू लागला.

पुढचे बारा दिवस तिनं दोन्ही टोकांचं पाणी तपासलं. हिरवं, पोपटी, पोपटी, फिकं, आणि तेराव्या दिवशी दोन्ही परीक्षानळ्या पिवळ्या. ती फोन करून बाबांना सांगायची. ते म्हणायचे, "ठीक आहे." यापलीकडे त्यांनी आयुष्यात कधी कौतुक केलं नव्हतं. शाळेत पहिली आली तेव्हा "ठीक आहे", नोकरी लागली तेव्हाही "ठीक आहे". तिला त्याची सवय होती. सवय होती म्हणजे खुपत नव्हतं, असं मात्र नाही.

एकच भानगड राहिली होती. उजवीकडच्या नळीचं तोंड गोल, वाटीएवढं. पंप पूर्ण उघडल्यावर तिथे ओढ लागायची आणि सगळ्यात छोट्या माशाचं शेपूट त्यात जायचं. जाळी लावली तर ती कचऱ्यानं तुंबायची. सरळ दात्यांची पट्टी दुकानात मिळत होती, पण ती गोलाला बसत नव्हती. तिनं फोनवर सहज सांगितलं. बाबा म्हणाले, "बघू."

महिना संपला त्या दिवशी बाबा आले ते एकटे नव्हते. त्यांच्यामागून दुकानातली खुर्ची घेऊन दोघं जण जिना चढत होते. एक टेम्पोवाला, आणि दुसरे तीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक, एक रिटायर झालेले पोस्टमास्तर. खुर्ची टाकीसमोर ठेवली गेली. पोस्टमास्तरांनी घाम पुसला, सहा फुटी टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि तिच्याकडे वळले.

"म्हणजे तीच का तू, कंगवेवाली?"

तिचा चेहरा पडला. "हो. हसायला सगळ्यांना पुरले ते कंगवे."

"हसायला?" पोस्टमास्तर म्हणाले. "अगं, खुर्चीत बसलेल्या प्रत्येक नव्या माणसाला हा तो कंगवा दाखवायचा. सांगायचा, सगळ्यांना दिसते ती घाण, माझ्या मुलीला नवव्या वर्षी न दिसणारी घाण दिसली. माझं बारा कंगव्यांचं नुकसान झालं, पण आज ती माणसांचं रक्त धुते. कंगव्यांचं मी तीस वर्षं ऐकतोय, रक्ताचं नंतर जोडलं गेलं. मला पाठ आहे. आणि हा महिना तर विचारू नकोस, त्या चाळीस भोकांशिवाय दुसरं बोलणं नाही."

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांचं लक्षच नव्हतं, किंवा नाही असं ते दाखवत होते. ते स्टुलावर चढले होते. नवरा खाली त्यांना धरून उभा होता, उजवा पाय घट्ट दाबून. बाबांनी खिशातून तो अर्ध्या चंद्रासारखा वळलेला कंगवा काढला, टाकीच्या पाण्यात खळबळला, आणि उजवीकडच्या नळीच्या तोंडात बसवला. कंगव्याची वाकडी पाठ गोल कडेला अशी चपखल टेकली, जणू त्या कडेसाठीच वळवली होती. दात्यांमधून पाणी खाली जात राहिलं. छोटा मासा जवळ आला, दात्यांना तोंड लावून पाहिलं, आणि वळून निघून गेला.

"आता खिळा रिकामा झाला," बाबा खाली उतरत म्हणाले. "दुकानात ठेवण्यासारखं काही उरलं नाही."

ते खुर्चीत बसले. हात दांड्यांवर ठेवले, मान मागे टेकली, आणि मॅनेजर लगेच समोरच्या काचेशी येऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ठीक आहे?" तिनं विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "उत्तम आहे."